‘ही आमची हद्द नाही’

२०२४ सालचा डिसेंबर नुकताच लागला होता. दुपारची मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात फाटक वाजलं. आमच्या बचत गटातली एक बाई दारात उभी. मंगरूळपीर तालुक्यातल्या खेड्यातून दोन गाड्या बदलून आलेली. पाणी दिलं तर ते हातातच धरून राहिली.

‘‘ताई, पोरीचा फोन लागून नाई रायला. नऊ दिवस झाले.’’

मैत्रिणींनो, या पोरीच्या लग्नाला मी स्वतः गेले होते. तुळशीचं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. देवळातच लग्न, पंधरा-वीस माणसं, नवरामुलगा राजस्थानचा. हुंडा नाही, मानपान नाही, लग्नाचा खर्चही मुलाकडचाच. सोयाबीनला भाव नाही, घरात दोन पोरी, बाप रोजमजुरीवर. मी पेढा तोंडात टाकला आणि मनात म्हटलं, चला, पोरगी उजवली गेली बिचाऱ्यांची. मुलाचं गाव कोणतं, पोरीचं वय किती, हे काहीसुद्धा मी विचारलं नाही. समाजकार्य करणारी बाई म्हणवते मी स्वतःला! ही गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाला नावं ठेवली तर माझंही नाव त्या यादीत आहे हे तुमच्या लक्षात राहील.

लग्न जुळवलं होतं शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ‘मावशी’नं. पाठवणी झाली, जीपमधून अकोला, तिथून रेल्वे. दोन दिवस पोरीचा फोन आला. तिसऱ्या दिवशी ती रडत एवढंच म्हणाली, ‘‘आई, हे घर सांगतलं तसं नाई.’’ मग फोन बंद. मावशीचाही बंद.

आम्ही दोघी ठाण्यात गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण असं उत्तर कुठेही मिळू शकलं असतं. टेबलामागच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘लग्न तुम्हीच लावून दिलं, पाठवणी तुम्हीच केली. मग बेपत्ता कशी? आणि जे काही झालं असेल ते तिकडे झालं. ही आमची हद्द नाही, मॅडम. तिकडच्या ठाण्यात तक्रार द्या.’’

खरं सांगू? तासभर मलाही ते पटलं होतं. राजस्थानात घडलं तर राजस्थानचे पोलीस बघतील, असंच वाटलं. पण कुठे राजस्थान आणि कुठे ही बाई, जिनं आयुष्यात अकोल्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही!

त्या रात्री मला माझ्या आजेसासूबाई आठवल्या. त्यांचं माहेर पैनगंगेच्या काठचं. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. पलीकडच्या मुलखाला त्या शेवटपर्यंत ‘मोगलाई’च म्हणत. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि नदी ही सरहद्द झाली. वाशीमहून हिंगोलीला जाताना लागणाऱ्या कन्हेरगावच्या नावामागे अजूनही ‘नाका’ लावतात. निजामाच्या राज्यात मालावर करोडगिरी नावाची जकात असे. माणसाला जकात भरावी लागे, चोराला मात्र नाही. आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या वडिलांची बैलजोडी एका रात्री खुंट्यावरून गेली. सकाळी माग काढत सगळे नदीपर्यंत गेले. ओल्या वाळूत खुरं स्पष्ट दिसत होती, पाण्यात शिरलेली. सगळे तिथेच थांबले. कुणीतरी म्हणालं, बैल मोगलाईत गेले, आता देवाचं नाव घ्या. आणि मंडळी घरी परतली.

आता गंमत बघा. अशा वेळी काय करायचं याचा करार तेव्हाही होता. १८६७ साली इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात गुन्हेगार एकमेकांच्या हवाली करण्याचा करार झाला होता. पण तो कलकत्ता आणि हैदराबादच्या दप्तरात. पैनगंगेच्या काठावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि ज्याला ठाऊक असेल तो कशाला सांगेल?

सरहद्द वाईटच असते असंही नाही म्हणा. रझाकारांच्या धामधुमीत, १९४७-४८ मध्ये, याच नदीनं पलीकडच्या कितीतरी जणांचे जीव वाचवले. आजेसासूबाईंच्या माहेरी पलीकडची दोन कुटुंबं महिनोन् महिने राहिली होती. ज्या वाळूत बैलांची खुरं हरवली त्याच वाळूतून ती माणसं अलीकडे आली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झालं, पुढे १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एकाच राज्यात आले, आणि पैनगंगा नुसती नदी झाली. आता ती दोन जिल्ह्यांमधून वाहते एवढंच. पण ‘मोगलाईत गेले’ हे शब्द काही माझ्या डोक्यातून जाईनात. सकाळी साहेब वेगळं काय म्हणाले होते?

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. तासाभरात त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या बी. ए.च्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या राज्यघटनेत पोलीस हा विषय राज्यांकडे आहे. म्हणून महाराष्ट्राचं पोलीस दल वेगळं, राजस्थानचं वेगळं, त्यांचे वरिष्ठ वेगळे, त्यांचा पैसा वेगळा. पण फौजदारी कायदा सगळ्या देशाला एकच आहे, आणि आरोपीच्या मागावर पोलीस भारतात कुठेही जाऊ शकतात. एखाद्या मुलीला पळवून नेलं असेल तर जिथून नेलं, जिथून पुढे नेलं, जिथे लपवून ठेवलं, यातल्या कुठल्याही ठिकाणी तो खटला चालू शकतो. म्हणजे ‘तिकडे घडलं’ हे मुळातच चूक! गुन्ह्याची सुरुवात त्या देवळात झाली होती, मी पेढा खात उभी होते तिथे.

‘झिरो एफआयआर’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीनं २०१३ साली त्याची शिफारस केली होती. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, पहिल्या ठाण्यानं तक्रार लिहून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, ही तरतूद स्पष्ट शब्दांत आली. वकीलबाई म्हणाल्या, ‘‘तुमच्या प्रकरणात झिरोचीसुद्धा गरज नाही. हद्द इथलीच आहे. मुलीच्या खरेदी-विक्रीची तक्रार लिहून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे त्यांनाही माहीत असतं. फक्त तुम्हालाही माहीत आहे, हे त्यांना कळू द्या.’’

मग त्यांनी विचारलं, ‘‘मुलीचं वय किती?’’

आई गप्प. मी तिच्याकडे बघत राहिले. शेवटी तिनं पिशवीतून शाळेची टी. सी. काढली. सतरा वर्षं दोन महिने.

आणि मग उरलेलंही बाहेर आलं. ‘लग्नखर्च’ म्हणून बापानं मावशीकडून साठ हजार रुपये घेतले होते. कर्ज होतं, त्यात गेले. आता तक्रार दिली तर बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली बापावरही गुन्हा नोंदला जाणार, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वकीलबाईंनी तिला हेही सांगितलं की या कायद्यात बाईला तुरुंगवास देता येत नाही, म्हणजे तिनं स्वतःबद्दल भ्यायचं कारण नाही. आणि अल्पवयीन मुलीला फसवून किंवा विकून लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच नसतं, मुळापासून रद्द. ‘नवऱ्याच्या घरी आहे’ हे वाक्यच मग उरत नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. ती बाई जवळजवळ दहा मिनिटं बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘होऊ द्या त्याच्यावर. पोरगी तर येईन.’’

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच सभांना गेले, भाषणं ऐकली, केली. धैर्य या शब्दाचा अर्थ विचाराल तर मला ती दहा मिनिटं आठवतात.

जिल्ह्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला, टी. सी. आणि लग्नातले मोबाइलवरचे फोटो जोडले, आणि त्याच संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता असेल तर ते पळवलं गेलं किंवा विकलं गेलं असंच आधी धरून चालायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवरचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यायचा, असंही त्यात आहे. कागद चांगला आहे. पण कागदाला पाय लागतात ते तक्रार नोंदल्यावर!

ती पथकं जाईपर्यंतच्या दिवसांत मी जरा वाचन केलं. राज्यांनी एकत्र बसून असे प्रश्न सोडवावेत म्हणून १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं क्षेत्रीय परिषदा नेमल्या आहेत. केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष, मुख्यमंत्री सदस्य. महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे, गुजरात आणि गोव्याबरोबर. पण राजस्थान उत्तर परिषदेत, मध्य प्रदेश मध्य परिषदेत, तेलंगण दक्षिण परिषदेत. म्हणजे आमच्या पोरीला ज्या वाटेनं नेलं ती तीन वेगवेगळ्या टेबलांवरून जाते! पूर्वी इथून मीटरगेजची मीनाक्षी एक्स्प्रेस वाशीम, अकोला, खंडवा करत थेट जयपूरला जायची. रेल्वेला परिषदा आड येत नाहीत आणि दलालालाही नाहीत.

देशादेशांतले करारही याच दुखण्यातून जन्मले आहेत. स्त्रियांच्या व्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये सही केली, आणि तो पाळायचा म्हणून १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आला. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वस्तीत पोलिसांची धाड पडते तेव्हा तिच्या मुळाशी सातासमुद्रापलीकडची एक सही असते. सार्क देशांनी जानेवारी २००२ मध्ये काठमांडूत असाच करार केला. २००० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या मसुद्याला आपण २०११ मध्ये मान्यता दिली, आणि माणसांच्या तस्करीची आपल्या कायद्यातली आजची व्याख्या त्यावरूनच बेतली आहे. बांगलादेशाशी जून २०१५ मध्ये समझोता झाला, त्यात सुटका झालेल्या मुलींना लवकर घरी पोचवणंही होतं. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो अबू सालेम. २००५ मध्ये पोर्तुगालनं त्याला दिला तो एका अटीवर, फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त शिक्षा नाही. आणि हा शब्द पाळावा लागेल असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं. एका गुन्हेगारासाठी दोन देश इतकं मोजून-मापून बोलतात. मग दोन राज्यांमधल्या दोन ठाण्यांनी एका पोरीसाठी एकमेकांचा फोन उचलावा, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

फोन उचलला गेला की नाही, ते मला पथकातल्या महिला पोलिसानं नंतर सांगितलं. एक उपनिरीक्षक, दोन शिपाई आणि ती, असे चौघं गेले. दुसऱ्या राज्यात जाऊन परस्पर दार वाजवता येत नाही. आधी स्थानिक ठाण्यात जाऊन नोंद करायची, कागद दाखवायचे, त्यांची माणसं बरोबर घ्यायची. हे सगळं नियमानं. पण नियमात हे लिहिलेलं नसतं की त्या ठाण्यातल्याच कुणीतरी गावात आधी फोन केला तर काय. पहिल्या दिवशी घराला कुलूप! गावातली माणसं गोळा झाली, पथकाला म्हणाली, बाई पैसे देऊन आणली आहे, नेता कशी?

दुसऱ्या दिवशी तिथल्याच ठाण्यातला एक वयस्क हवालदार आपणहून म्हणाला, मागच्या शेतातल्या खोलीत बघा. तिथे सापडली. त्या हवालदाराचं नाव मला माहीत नाही. त्यालाही मुली असतील किंवा नसतील. राज्याराज्यांतलं सहकार्य म्हणून जे म्हणतात ते त्या दिवशी तो एकटा माणूस होता, आणि तो रजेवर असता तर? हा विचार मला अजूनही झोपू देत नाही.

पोरीला तिथल्या बालकल्याण समितीपुढे नेलं, दोन रात्री बालगृहात ठेवलं, मग ताबा मिळाला. तो माणूस चौतीस वर्षांचा निघाला. त्याला तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून ट्रान्झिट रिमांडवर वाशीमला आणलं. तो सारखा म्हणत होता की मी अडीच लाख मोजले, फसवणूक माझी झाली आहे. अडीच लाखांतले बापाला साठ हजार. उरलेले कुठे कुठे थांबले ते पोलीस शोधत आहेत. त्या माणसाला मी चांगलं म्हणणार नाही. पण २०११ च्या जनगणनेत हरियाणात हजार पुरुषांमागे ८७९ बायका होत्या, आणि आपल्याच बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्यांच्या जागी कुणाला तरी विकत आणलं जाणार, आणि ती पोर गरिबाच्या घरातूनच येणार, एवढा हिशेब तर मलाही जमतो.

चौतीस दिवसांनी ती घरी आली. केस विंचरू देईना, कुणाशी बोलेना. महिनाभरानं माझ्याकडे येऊन बसली, तेव्हा मी तिला एकच विचारलं, निघून यायचा प्रयत्न नाही केलास का गं? ती म्हणाली, ‘‘काकू, त्याईनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. तुह्या गावचे पोलीस इथंवरी येत नाईत.’’

तेव्हापासून मी बचत गटाच्या बैठकीत हिशेबाच्या आधी हेच बोलते. बाहेरच्या राज्यातलं स्थळ वाईट असतं असं मी म्हणत नाही, माझ्या मावसबहिणीनं इंदूरला सोन्यासारखा संसार केला आहे. पण मुलाच्या आधारकार्डाची प्रत घ्या, पत्त्यात गाव, तहसील आणि पोलीस ठाणं लिहून घ्या, घरातलं कुणीतरी आधी जाऊन घर बघून या. गाडीचा नंबर आणि आलेल्या पाहुण्यांचा फोटो मोबाइलमध्ये राहू द्या, आमच्या कामी तोच आला. मुलीला आई-बापाचा नंबर पाठ हवा, फोन काढून घेतला तर लक्षात असलेलाच नंबर उरतो. वय अठराच्या आत असेल तर बोलणंच नको. गावात बालविवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, त्याला आधी कळवा. लहान मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, आणि कुठेही, कुठल्याही राज्यात ११२. आणि ठाण्यात कुणी ‘हद्द’ म्हणालं तर उठायचं नाही. ‘लिहून द्या की घेत नाही’ एवढंच म्हणायचं. बहुतेक वेळा मग कागद पुढे सरकतो.

बैठकीत एकीनं विचारलंच, ‘‘ताई, तुमी होत्या म्हून झालं. आमचं कोण ऐकन?’’ याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. पुढच्या खेपेला मी वकीलबाईंना बैठकीला घेऊन गेले आणि बायकांनी दोन तास प्रश्न विचारले. चहा तीनदा झाला.

बापाला जामीन मिळाला. तो घरातच असतो, पोरगी त्याच्याशी बोलत नाही. आई दोघांनाही जेवायला वाढते. पोरीनं बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला, टी. सी. मागायला माझ्याकडेच आली होती. मूळ प्रत कोर्टात आहे, शाळेतून दुसरी काढून घ्यावी लागली. मावशी अजून सापडलेली नाही. तिचा शेवटचा ठावठिकाणा मध्य प्रदेशातला निघाला, म्हणजे आता तिसरं राज्य. पथक एकदा जाऊन रिकाम्या हातानं परत आलं. लग्नातल्या फोटोत ती माझ्या शेजारीच उभी आहे, पेढ्यांचा डबा हातात धरून. साक्षीसाठी माझं नाव यादीत आहे, आणि पुढच्या तारखेला तो फोटो मला ओळखायचा आहे.